ब्याऐंशी नंबरची बाजू

चीफ कशेळीकरांकडे पहिल्यांदा जाताना दोन्ही हात मोकळे ठेवावेत, असं मी प्रत्येकाला बजावत असे. ऐकतंय कोण! लोक मिठाईचा पुडा घेऊन जात, ओली छत्री घेऊन जात, एक गृहस्थ तर तान्हं मूल कडेवर घेऊन गेले. चीफ दार उघडून "या" म्हणत आणि आत वळत. पाहुणा चपला काढून सरळ होतोय न होतोय तोच स्वयंपाकघराच्या दारातून एक संत्रं सुसाट त्याच्या दिशेने येई. पाहुण्याने झेललं तर चीफ खूश. नाही झेललं तर जास्तच खूश, कारण मग त्यांना आवडीचा विषय काढता येई. हात कुठे होते, नजर कुठे होती, आणि मुळात चूक कुणाची?

माझ्या वाट्याला आला तो कंडेन्स्ड मिल्कचा डबा. सिंगापुरात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. टॅम्पिनीसला चीफच्या वरच्याच मजल्यावर आम्ही फ्लॅट भाड्याने घेतला होता, आणि बायकोने पातेलं देऊन मला दूध मागायला खाली पिटाळलं होतं. एका हातात पातेलं आणि दुसऱ्या हाताने मी तो डबा झेलला. चीफनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "देसाई, शनिवारी दुपारी काय करता?"

झालं. त्यानंतरचे माझे सगळे शनिवार अमेरिकन फुटबॉलच्या नावाने खर्ची पडले.

आता हा खेळ ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत, त्यांच्यापुरतं थोडक्यात सांगतो. नाव फुटबॉल, पण पायाचा संबंध मुख्यतः पळण्यापुरता. एक जण मागे उभा राहून नारळाच्या आकाराचा चेंडू लांबवर फेकतो आणि कडेने धावत गेलेले गडी तो झेलतात. या झेलणाऱ्यांना वाइड रिसीव्हर म्हणतात. चीफ त्यांना 'झेल्ये' म्हणत. बाकीचे वीस जण त्या वेळात काय करतात ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुधा एकमेकांच्या अंगावर पडतात.

राजापूरकडच्या माणसाला हे वेड लागलं कुठे? तर अमेरिकेच्या एका बंदरात. चीफ तेव्हा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. इंजिनचा मोठा भाग तुटला आणि नवा येईपर्यंत जहाज अख्खा हिवाळा धक्क्याला बांधून पडलं. खलाशांच्या क्लबात टीव्ही होता, तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने यांना खेळ शिकवला, आणि त्या गावचा संघ यांचा झाला तो कायमचा. गावाचं नाव सांगत नाही. तो संघ इतका हरत असे की गावाला उगाच वाईट वाटेल.

पुढे चीफनी समुद्र सोडला आणि सिंगापूरला एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी धरली. किनाऱ्यावरची म्हणायची एवढंच. कंपनीचं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं आणि त्याच्या इंजिनाला शिंक जरी आली, तरी चीफच्या कमरेचा पेजर वाजे आणि ते लाँचने निघत.

शनिवारच्या मैफलीतला तिसरा गडी जोगळेकर. हा माझ्या ऑफिसात, अमेरिकेत शिकून आलेला, आणि तेवढ्या भांडवलावर आम्हाला तुच्छ लेखणारा. त्याची बहीण तिकडे सामने टेप करून पाठवी. टेप यायला दोन-तीन आठवडे लागत, आणि तोवर निकाल वाचायचा नाही असा चीफचा दंडक होता. एकदा जोगळेकरला कुठूनसा निकाल कळला, तर चीफनी त्याला अख्खा सामना भिंतीकडे तोंड करून बसवलं. चेहऱ्यावरून फुटतं म्हणाले.

वाद मात्र एकच, वर्षानुवर्षं तोच. संघात दोन झेल्ये होते. चौऱ्याऐंशी नंबरचा बुटका, जवळचेच चेंडू घेणारा, पण हातात आलेला सोडणार नाही. आणि ब्याऐंशी नंबरचा उंच, ताडमाड, वाऱ्यासारखा पळणारा, अशक्य चेंडू एका हाताने काढणारा, आणि नेमक्या वेळी सोपा चेंडू सांडणारा. जोगळेकर चौऱ्याऐंशीच्या बाजूचा. "भरवसा महत्त्वाचा," तो म्हणे, "तुमच्या ब्याऐंशीला घरी बसवा." मी ज्याच्या हातून चहा मिळे त्याच्या बाजूने. आणि चीफ ब्याऐंशीचे वकील.

वकिली कशी, तर इंजिनिअरची. "आधी पंप बघा," हे त्यांचं पालुपद. नळाला पाणी येत नाही म्हणून नळाला शिव्या घालणारा माणूस गाढव, असं त्यांचं मत होतं. आधी पंप, मग पाइप, मग झडप, आणि सगळ्यात शेवटी नळ. म्हणजे चेंडू सुटला की पहिला दोष फेकणाऱ्याचा, मग वाऱ्याचा, मग मैदानाच्या उताराचा. जोगळेकर म्हणे, मैदानाला उतार नसतो. चीफ म्हणत, पाणी ओतून पाहिलंयत का? एकदा रागाच्या भरात त्यांनी टेप तेवढ्याच जागी मागेपुढे इतक्या वेळा फिरवली की ती आत गुंडाळून बसली. मग पेचकस घेऊन चीफ व्हीसीआर उघडायला बसले. पुढच्या सामन्यातही ब्याऐंशीने चेंडू सांडला आणि चीफनी दोष त्या दुरुस्तीला दिला.

माणसं मोजायचं मापही तेच. खालचा कॉफीवाला अंकल? झेल्या. कंपनीचे डायरेक्टर? गळके. माझी बायको सुनीता? पक्की झेली. मी? "तुमचं अजून निरीक्षण चालू आहे," म्हणत.

स्वतःला मात्र ते कधी मोजत नसत. कारण ठाऊक व्हायला मला वेळ लागला. चीफना एक मुलगी होती, मेधा, पुण्याला आत्याकडे वाढलेली. ती लहान असतानाच आई गेली. आणि आई गेली तेव्हा चीफ त्याच अमेरिकेतल्या बंदरात अडकलेले होते, त्याच हिवाळ्यात. बदली माणूस वेळेवर आला नाही. ते पुण्याला पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. पुढे दोनदा त्यांनी "वाढदिवसाला नक्की येतो" म्हणून कळवलं आणि दोन्ही वेळा कुठलं ना कुठलं जहाज आडवं आलं. हे मला चीफनी नाही सांगितलं. मेधाने सुनीताला सांगितलं, तेही नंतर.

मला एवढंच कळलं की त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मेधा पहिल्यांदा सिंगापूरला येणार आहे, आणि चीफच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. कोपऱ्यातली खोली त्यांनी रंगवून घेतली. रंग कुठला आवडेल म्हणून सुनीताला इतक्या वेळा विचारलं की तीच म्हणाली, आता मी येऊन राहते तिथे. मग एक दिवस लिफ्टपाशी मला गाठून, इकडेतिकडे बघत म्हणाले, "देसाई, दहावी झाली की तिने इथे येऊन राहावं, माझ्याजवळ. विचारणार आहे. नीट वेळ बघून." एवढा मोठा माणूस, पण हे सांगताना लिफ्टचं बटण उगीच दाबत होता.

ती यायची त्या दिवशी आम्ही पहाटेच चांगी विमानतळावर गेलो. चीफनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. विमान उतरल्याची पाटी लागली आणि पेजर वाजला. चीफ फोनपाशी गेले. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. कंपनीच्या एका जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाणी शिरलं होतं, आत माणसं काम करत होती, आणि त्या जुन्या जहाजाचे पाइप कुठून कुठे जातात ते फक्त यांना ठाऊक होतं. काचेपलीकडे प्रवासी बाहेर येऊ लागले होते. चीफ काचेकडे बघत उभे राहिले, माझा दंड एकदा घट्ट धरला, आणि गेले. दुसरं करणार तरी काय होते?

मेधा थोड्याच वेळात बाहेर आली. मी ओळख करून दिली. तिने वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बाबा नाही ना आले? जहाज आलं असेल." रागाचा लवलेश नाही आवाजात. पोस्टमन आला नाही म्हणावं तसं म्हणाली. मला इतकं वाईट वाटलं की टॅक्सीत मी तिला सिंगापूरची लोकसंख्या वगैरे सांगत बसलो.

चीफ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. माणसं सुखरूप होती, जहाजही वाचलं. आणि घरात पोरगी अशी वागत होती जशी एखादी शहाणी पेइंग गेस्ट. विचारलं तर हो, नाही. जेवायला आमच्याकडे. "काकू, मी तुमच्याकडेच जेवू?" म्हणायची. चीफ रोज सकाळी बाजारातून बांगडे आणत, कालवण करत, दोन ताटं मांडत आणि एकावर जेवत. ज्या घरात पाहुण्यावर संत्री सुटत, तिथे ते मुलीला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी द्यायला लागले. भाऊबीज झाली की लवकर परत जायचं, असं तिने आत्याला फोनवर सांगूनही टाकलं.

मी चीफना म्हटलं, अहो, समजावा तिला, तुमचा काय दोष? जहाजात पाणी शिरलं ते काय तुम्ही ओतलंत? ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं." रंगवलेल्या खोलीबद्दल आणि दहावीनंतरच्या बेताबद्दल मग त्यांनी तोंडच उघडलं नाही.

तशात शनिवार आला आणि जोगळेकर टेप घेऊन हजर झाला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तो आलाच असता. चीफनी मुकाट्याने टेप लावली. सुनीताने मेधाच्या हाती चकल्या पाठवल्या होत्या. ती ताटली ठेवून जाईल असं वाटलं, पण ती दारालाच टेकून उभी राहिली.

सामना अटीतटीचा. शेवटची काही मिनिटं. ब्याऐंशी मोकळा सुटला, चेंडू अलगद त्याच्या छातीवर आला, आणि त्याने तो सांडला. आमच्या सोसायटीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याने घेतला असता असा चेंडू. जोगळेकर टुणकन उठला आणि सुरू झाला. मी पंपाची वाट बघत होतो.

चीफ म्हणाले, "जोगळेकर, तुमचं खरं आहे. चेंडू नीट आला होता. हा माणूसच भरवशाचा नाही."

 इतकी वर्षं भांडून जोगळेकर जिंकला होता आणि त्याचं तोंड एखाद्याने खिसा कापल्यासारखं झालं होतं. "तसं अगदीच नाही हां चीफ," तो चाचरत म्हणाला, "डोळ्यांवर ऊन आलं असेल."

"या मैदानाला छप्पर आहे," चीफ म्हणाले.

"वारा—"

"छप्पर आहे म्हटलं ना."

मग दारातून मेधाने विचारलं, "चेंडू सुटला की हा काय करतो?"

चीफनी मान वर केली नाही. "काही नाही. परत जाऊन आपल्या जागेवर उभा राहतो."

"मग त्याच्याकडे परत चेंडू टाकतात?"

"ते टाकणाऱ्यावर आहे. त्याला वाटलं तर टाकतो. नाही टाकला तर त्याला दोष देता येत नाही."

मेधा टीव्हीकडे बघू लागली. ब्याऐंशी खरोखरच कडेला जाऊन उभा राहिला होता, मान खाली, हात कमरेवर. खेळ सुरू झाला. तो पळाला. मागच्याने हात वर केला आणि चेंडू सोडला. आम्ही तिघेही पुढे झुकलो. आणि मेधाने चालत जाऊन टीव्ही बंद केला.

"आत्याला फोन करून सांगा, मी लवकर येत नाहीये," ती म्हणाली. "आणि उठा आता. बांगडे निवलेत."

जोगळेकरने तोंड उघडलं. त्याच्या पायावर मी इतक्या जोराने पाय दिला की पुढचे दोन दिवस तो लंगडत होता. आम्ही चपला शोधू लागलो. आत भांड्यांचा आवाज येत होता, मेधा पानं घेत होती. चीफ मात्र सोफ्यावरच होते. पंच्यात तोंड खुपसून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. दार ओढून घेताना आतून तिचा आवाज आला. रागाचा नव्हता, पण पहिल्यांदाच हक्काचा होता.

"बाबा, किती वेळ वाट बघायची मी?"