जागा, मंडळ आणि देवव्रतचा संकोच

जागेचा व्यवहार कसा करावा हे आपल्याकडून शिकावं, असं देवव्रतचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. होता तो फार्मासिस्ट. पण पापाटोएटो या परदेशी उपनगरातल्या त्याच्या रस्त्यावरचे दुकानदार कौन्सिलला जी जादा पट्टी भरतात, ती खर्च करणाऱ्या मंडळावर तो निवडून आला होता, आणि नियमावलीतलं जागेचं कलम त्याला तोंडपाठ होतं. मंडळ जागा विकत घेऊ शकतं, भाड्याने घेऊ शकतं, देणगी म्हणूनही स्वीकारू शकतं. फक्त मंडळाकडे जागा नव्हती. दर महिन्याची मीटिंग देवव्रतच्या गराजमध्ये भरायची.

"या महिन्यात मंडळ इथून हललं नाही, तर मी पुण्याला जाते," त्याच्या बायकोने, प्रमोदिनीने, बजावलं. "तिकीट बघून ठेवलंय."

नशीब बघा, त्याच आठवड्यात ग्रॅहम नावाच्या म्हाताऱ्या दुकानमालकाने आपली रिकामी खोली मंडळाला फुकट द्यायचं मनावर घेतलं. स्वीकारायला अर्थातच देवव्रत गेला. इस्त्रीचा शर्ट घालून.

"हवी का खोली?" ग्रॅहमने विचारलं.

आता एकदम 'हो' कसं म्हणायचं? साधा चहासुद्धा आपण आग्रहाशिवाय घेत नाही, इथे तर अख्खी खोली होती.

"नको नको, उगीच तुम्हाला कशाला त्रास," देवव्रत इंग्रजीत म्हणाला आणि हसत उभा राहिला.

"नक्की?"

"अगदी नक्की." पुढच्या खेपेला हो म्हणायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं.

"स्वीट ॲज," म्हणजे 'ठीक आहे तर', ग्रॅहम म्हणाला, आणि दुपारपर्यंत खोली पत्ते खेळणाऱ्यांच्या क्लबला देऊन मोकळा झाला.

पुढची मीटिंग गराजमध्येच. मंडळाची अध्यक्ष सीना, सामोअन बेकरीवाली. "हातात आलेली खोली घालवलीस कशी?" तिने विचारलं. देवव्रतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाम पुसत त्याने आपली संस्कृती समजावली. "आमच्यात पहिलं 'नको' खरं नसतं. दुसरंही नसतं. पुन्हा पुन्हा विचारायचं असतं."

सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग सीनाने नियमावली उघडली.

"जागा भाड्याने घेता येते ना? मग हेच गराज पाच वर्षांच्या कराराने घेऊ. चालेल?"

घरात उघडणाऱ्या दारातून प्रमोदिनी बघत होती.

"नको," देवव्रत कळवळून म्हणाला. "नको गं, अजिबात नको."

सीनाने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि टिपणं घेणाऱ्या वाणसामानवाल्या हरीशला सांगितलं, "तीन 'नको' झाले. लिही, मंजूर."

हरीश चांगला नाशिकचा. खरं 'नको' त्याला बरोबर ओळखू येत होतं. पण पाळी आपल्या गराजवर येऊ नये म्हणून त्याने मुकाट्याने लिहिलं.