पाव्हण्यांची बॅटरी

मोटारीची बॅटरी बदलणे ही तांत्रिक बाब आहे, हा गैरसमज जिथे नातेवाईक कमी असतात अशाच प्रदेशात टिकतो. भोर-वेल्ह्याकडे तो टिकलेला नाही.

पालीच्या सर्जेरावांकडे आधुनिक गाडी आहे. ती सिग्नलला थांबली की इंजिन स्वतःहून बंद करते आणि निघताना स्वतःहून चालू करते. (आमच्या रस्त्याला सिग्नल नाही. सदर सुविधा मेंढरांच्या कळपापुढे वापरली जाते.) ही सारखी बंद-चालू सोसायला गाडीला खास जातीची बॅटरी लागते. शिवाय नवी बॅटरी आल्याची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते, सून आल्यावर रेशनकार्डावर करतात तशी. हे सगळे गाडीसोबतच्या पुस्तकात छापलेले आहे. सर्जेरावांनी पूजेच्या दिवशी हळदीकुंकू लावून ते प्लॅस्टिकसकट कप्प्यात ठेवले. त्यामुळे पुस्तक उत्तम स्थितीत आहे.

जुनी बॅटरी संपली, तेव्हा कापूरहोळला दोन दुकाने विचारात घेण्याजोगी होती. एक सर्जेरावांचे मेहुणे सावळाराम यांचे. त्यांच्याकडे योग्य बॅटरी होती. दुसरे रायबांचे. त्यांच्याकडे योग्य मुलगा होता. सर्जेरावांची शिवानी आणि रायबांचा प्रांजल यांचे आपसात ठरलेलेच होते. थोरल्यांनी ठरवायचे तेवढे राहिले होते.

"आप्पा, मामाकडचीच घ्या," शिवानी म्हणाली. तिने मोबाईलवर सगळे पाहून ठेवले होते. "साधी बॅटरी या गाडीला चालत न्हाई."

"आन् रायबांच्या दारावरनं मामाची बॅटरी मिरवत आणू? सोयरीक मोडंल, पोरी."

शिवानीने तांत्रिक बाजूचा फेरविचार केला.

"तशी साधीबी चालंल," ती म्हणाली.

रायबांनी स्वतः हात घातला. "पाव्हणं, ट्रॅक्टर वढती ती बॅटरी तुमची डबी वढणार न्हाई व्हय?" बॅटरी तिच्या जागेत बसेना, म्हणून जागा वाकवण्यात आली. संगणकातल्या नोंदीचा मुद्दा 'त्याला काय कळतंय' या शेऱ्यासह निकाली निघाला. सावळारामांनी बोलणे टाकले. (मेहुणा रुसणे हे कोणत्याही मोठ्या खरेदीत धरलेलेच असते.)

यथावकाश सुपारी फुटली, साखर वाटली गेली, मंडळी बस्ता बांधायला भोरला निघाली आणि सर्जेरावांची गाडी अंगणात खोकलीसुद्धा नाही.

"घाबरू नगा, माज्या गाडीवरनं करंट देतो," म्हणत रायबांनी आपल्या गाडीचे बॉनेट उघडले. आत खास जातीची बॅटरी होती. वर चिठ्ठी : सावळाराम बॅटरीज, कापूरहोळ.

"रायबा, ही तर आमच्या मेव्हण्याकडची!"

"व्हय की," वायरी जोडता जोडता रायबा म्हणाले. "दुकानातला माल घरच्या गाडीत कसा घालायचा, पाव्हणं? रोज बायकापोरं बसत्यात हिच्यात."

शिवानी सासऱ्यांच्या गाडीत जाऊन बसली.

वाचकहो, हसलात, बरे झाले. आता कपाटातली विम्याची पॉलिसी काढा. ती तुम्ही वाचून घेतली होती, की चहाला आलेल्या चुलत मेहुण्याला नाही कसे म्हणायचे म्हणून? असो. निदान त्याने स्वतः कुठली घेतली आहे, तेवढे तरी विचारून या.