बारा लाखांचा डेमो

सोमवारी बँकेत सही करायची होती आणि आठवडाभर कृष्णकांत टिपणिसांना जेवण जात नव्हतं. त्यांच्या मुलीला, चारुताला, एका खाजगी विद्यापीठात बी.एस्सी. गणितासाठी प्रवेश मिळाला होता. चार वर्षांची फी बारा लाख. कर्ज तिच्या नावावर आणि जामीनदार बाबा.

“इंजिनिअरिंगला गेली असती तर पुढे काय होणार ते निदान लोकांना सांगता आलं असतं,” ते बायकोला म्हणाले.

“इंजिनिअरिंगवाल्यांचं काय होतं ते वरच्या मजल्यावरच्या सत्यजीतला विचारा. दोन वर्षं घरीच आहे,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “आणि माझं डोकं खाण्यापेक्षा गणितवाल्यांना काय मिळतं ते बाहेर जाऊन विचारून या.”

गणितावर पोट भरणारं कामोठ्यात त्यांच्या माहितीचं एकच ठिकाण होतं. शनिवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते चौकातल्या दीपेश क्लासेसचा जिना चढले.

“गणिताच्या संदर्भात आलो होतो,” त्यांनी दारातून सांगितलं.

दीपेश सर खुर्चीतून उठलेच. “या, या सर! मघापासून तुमचीच वाट बघतोय.”

अरुंधतीने फोन केला असणार, असं वाटून कृष्णकांतांना जरा धीर आला. “स्पष्टच विचारतो हं. गणितवाल्याला सुरुवातीला पगार काय मिळतो?”

“डायरेक्ट पगारावर! आवडलं आपल्याला. नवीन माणसाला अठरा हजार.”

“अठराच?” कृष्णकांतांनी विचारलं. “अहो, डोक्यावर बारा लाखांचं कर्ज असलं तर अठरात भागायचं कसं?”

दीपेश सरांनी क्षणभर विचार केला. “बरं, वीस. पण आधी डेमो.”

वर्ग कसा चालतो ते दाखवणार असतील, म्हणून कृष्णकांत मुकाट्याने मागोमाग गेले. आत दहावीची मुलं खच्चून भरली होती. दीपेश सरांनी त्यांच्या हातात मार्कर ठेवला आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

घोटाळा लक्षात आला तेव्हा मुलं वह्या उघडून बसली होती.

“अहो, मी त्यातला नाही...”

“बिनधास्त शिकवा सर!” मागून आवाज आला.

कृष्णकांतांनी घाम पुसला. आठवडाभर डोक्यात एकच गणित घोळत होतं, तेच तोंडून बाहेर पडलं. “एका माणसाच्या मुलीने शिक्षणासाठी बारा लाखांचं कर्ज घेतलं. दर वर्षी तीन लाख, सरळ व्याज साडेदहा टक्के. पाच वर्षं हप्ता नाही. तोवर व्याज किती चढेल?”

पेनं चालू लागली. “चार लाख एक्केचाळीस हजार!” पहिल्या बाकावरची संजना ओरडली.

“एवढं?” कृष्णकांतांनी टेबलाचा आधार घेतला. नव्या सरांची ॲक्टिंग पाहून वर्ग खूश झाला.

“सर, दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता बावीस हजार,” कोणीतरी बाकाखाली मोबाइल धरून सांगितलं. “मुलीला पगार किती?”

“वीस,” कृष्णकांत पुटपुटले.

“सर, उत्तर मायनस येतंय! मग ती जेवणार कशावर?”

“माझ्या पगारावर!” ते कळवळून म्हणाले आणि वर्ग हसून लोटपोट झाला.

“थांबा ना सर,” संजना म्हणाली, “पगार दर वर्षी दहा टक्के वाढवून बघू.” दुसऱ्या वर्षी उत्तर शून्य आलं. तिसऱ्या वर्षी बावीसशे रुपये उरले, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या. कृष्णकांतांचे डोळे पाणावले होते.

बाहेर आल्या आल्या त्यांनी हात जोडले. “माफ करा, मी फक्त चौकशीला आलो होतो. मी कॉमर्सचा. मला गणित येत नाही.”

“ते मला तिसऱ्या मिनिटाला कळलं,” दीपेश सर म्हणाले. “पण ही पोरं शेवटपर्यंत जागी राहिली, असं यंदा पहिल्यांदाच झालं.” तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. “खरा उमेदवार होता. एम.एस्सी. मॅथ्स. येत नाही म्हणतो. पुण्याच्या विमा कंपनीने पंच्याहत्तर हजारांवर घेतलं त्याला.”

“पंच्याहत्तर?” कृष्णकांतांनी त्यांचा हात धरून जोरजोरात हलवला. “अभिनंदन!”

“माझं कसलं? चाचणी परीक्षा तोंडावर आलीय आणि मला माणूस नाही.” दीपेश सरांनी तो हात सोडलाच नाही. “दुसरा मिळेपर्यंत तुम्ही या. रोज संध्याकाळी दोन तास, महिन्याला बारा हजार.”

सोमवारी कृष्णकांतांनी पोटभर जेवून बँकेत सही केली. मंगळवारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी ते स्वयंपाकघरात वर्गसमीकरणांशी झटत बसले होते.

“बाबा, चिन्ह बदलायचं राहिलं,” चारुता खांद्यावरून वाकून म्हणाली. “परत करा.”

त्यांनी परत केलं. परत चुकलं. तिने न चिडता तिसऱ्यांदा समजावलं आणि या वेळी ते त्यांच्या डोक्यात शिरलं.

“छान शिकवतेस गं!”

“हो ना?” चारुताने त्यांच्यासमोर हात पसरला. “मग बारातले सहा माझे.”