पुष्पाच्या बॅगेतली ज्वारी

भरलेली बॅग पाहून माणूस कुठं चाललं ते ओळखावं, तर ते मानीबाईनंच! लोहाऱ्याच्या पलीकडच्या त्या तांड्यात याबद्दल दुमत नव्हतं. असतं तरी मानीबाईनं ते चालू दिलं नसतं.

"फुलचंदची बायको लग्नाले चालली पाह्य," ती ओट्यावर बसल्या बसल्या सांगायची. "पिशवी फुगली, पन जड नाई. वर नवी साडी हाये." आणि खरंच, ती बाई लग्नाला निघालेली असायची! "धावजीच्या पिशवीत भाकरी जास्त, कपडे कमी. दवाखान्यात कोनी भरती असन." तेही खरं निघायचं! ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गाठोडं तर ती डोळे मिटून ओळखायची. तव्याची कड बाहेर आलेली असायचीच.

हे तिच्या रक्तातच होतं. तिच्या पणजीची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडलेली. बैलाच्या एका अंगाला जेवढी गोणी, तेवढीच दुसऱ्या अंगाला. तराजू कोण घेऊन बसतो रानात? हातानं उचलायचं आणि सांगायचं. मानीबाई लग्न होऊन आली तेव्हा म्हाताऱ्या सासूनं तिच्या दोन्ही हातांत दोन गाठोडी देऊन तिची परीक्षा घेतली होती, आणि ती उतरली होती.

अशा बाईच्या स्वतःच्या घरात खाटेखाली एक बॅग भरून ठेवलेली निघाली. आणि मानीबाईला तिचा अर्थ लागेना!

बॅग सुनेची होती. पुष्पा लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसायची. पाठ धरली होती, पोट सुटत होतं. म्हणून तिनं यवतमाळात जिम लावली. बेत कसा चोख! पहाटे उठायचं, स्कूटीनं जिमला जायचं, तिथंच आंघोळ, तिथंच ऑफिसचा ड्रेस घालायचा आणि तिथूनच थेट मिल. बॅग आदल्या दिवशीच तयार ठेवायची म्हणजे पहाटे शोधाशोध नको. या बेतात एकच खोट होती. सासूला काही सांगितलेलं नव्हतं.

तोही नवऱ्याचाच सल्ला. आपल्या याडीला, म्हणजे आईला, तो चांगला ओळखून होता. शाम म्हणाला होता, "याडीले आत्ताच नको सांगू. म्हनन, कंबर हलवाले कोनी पैसे देते का? आंगन झाड म्हना!"

तर मानीबाईनं बॅग पाहिली. "मी उघडली नाई, चेन अर्धी उघडीच होती," असं तिनं पुढं शपथेवर सांगितलं. आत इस्तरी केलेला ड्रेस, टॉवेल, साबणाची डबी, कंगवा, पावडर, चपला. इथवर ठीक होतं. पण सगळ्यांच्या खाली प्लास्टिकच्या थैलीत एक कोरं करकरीत कुलूप!

मानीबाई खाटेवर बसलीच. लग्नाला कोणी कुलूप नेत नाही. दवाखान्यात नेत नाही. माहेरी तर नेतच नाही. ज्याला स्वतःचं दार असतं तोच कुलूप नेतो! म्हणजे पुष्पा शहरात खोली करून राहणार!

मग मागचं एकेक आठवायला लागलं. पोरगी हल्ली कमी बोलत होती. भात नको म्हणायची. परवा तर बिनसाखरेचा चहा प्याली. ज्या बाईनं घरातली साखर सोडली, तिनं घर सोडलंच म्हणायचं की!

सरळ विचारायचं ना, असं कोणीही म्हणेल. पण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? शाम कोळशाचा ट्रक घेऊन वणीहून निघाला की आठवडा आठवडा बाहेर. घरात या दोघीच. एका परातीत पीठ मळायचं, एका टीव्हीसमोर बसायचं आणि रोज कशावरून तरी कचाकचा भांडायचं. पुष्पा गेली तर बोलायला उरणार ती दारातली शेळी. आणि शेळी उलटून बोलत नाही!

मानीबाईनं लेकाला फोन लावला. तो चंद्रपूरच्या रस्त्याला होता. मागं नुसती घरघर.

"शाम, पुष्पा चालली, तुले मालूम हाये का?"

शामनं ट्रक कडेला घेतला. जिमचं फुटलं!

"याडी... तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कोन पाह्यजे? बॅग पाह्यली मी!"

"हे पाह्य, भडकू नको. मीच म्हटलं तिले, जाय म्हून."

"तू म्हटलं?"

"लय दिसाचं मन होतं तिचं. अन् तीन महिन्याचे पैसे भरून झाले. आता वापस नाई भेटत ते."

"तीन महिने! अन् मंग?"

"मंग काय, मानवलं तिले त सालभराचं करून टाकू!"

तेवढ्यात फोन कटला. मानीबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. पोटचा पोरगा, आणि बायकोला घराबाहेर काढून सालभराचं भाडं भरायला निघाला!

रडत बसायला वेळ नव्हता. पुष्पा गॅसपाशी भाकऱ्या थापत होती. भाकरीच्या थापा ऐकू येत होत्या तोवरच जे करायचं ते करायचं होतं. मानीबाईनं बॅगेतून ड्रेस काढला, चपला काढल्या, ते मेलं कुलूप काढलं. सगळ्याचं एक बोचकं करून डाव्या हातात धरलं. उजव्या हातात कापडी पिशवी घेतली आणि कोठीतली ज्वारी तिच्यात भरायला लागली. एक ओंजळ, दोन ओंजळी. थोडी जास्त झाली. मूठभर काढली. आता डावा उजवा सारखा! ज्वारी बॅगेत गेली, वर टॉवेल पसरला, चेन होती तेवढीच उघडी ठेवली. ड्रेसचं बोचकं आपल्या गोधडीखाली.

कपड्याशिवाय बाई जाईल कुठं? शहरात पोचेल, बॅग उघडेल आणि मुकाट परत येईल!

पहाटे चांगलंच धुकं होतं. पुष्पा शामचं जुनं जर्किन घालून निघाली. ती बॅग उचलायला वाकली, तशी मानीबाई दाराआडून टक लावून पाहायला लागली. पुष्पानं बॅग खांद्याला लावली, सारखी केली. काही कळलं नाही!

"याडी, आज लवकर जातो. मिलमध्ये काम हाये."

"जाय माय, जाय," मानीबाई इतकं गोड बोलली की पुष्पानं एकदा वळून पाहिलं.

स्कूटीचा लाल दिवा धुक्यात दिसेनासा झाला. मानीबाई उंबऱ्यावर बसली. आता येईल. शेळीचं दूध काढून झालं. आता नक्की येईल. ऊन ओट्यावर आलं. पुष्पा काही आली नाही.

मानीबाई दारात येरझारा घालायला लागली. तशीच गेली की काय खोलीवर? अंगात ते जर्किन, खाली ती ढगळी पँट! लोक म्हणतील, सासूनं नेसूचंही दिलं नाही!

समोरून काठी टेकत तांड्याचे नायक हरिसिंग चालले होते. मानीबाईनं त्यांनाच थांबवलं आणि कुलपापासून गोधडीपर्यंत सगळं सांगितलं. नायक ऐकत होते. ज्वारीपाशी त्यांनी हात वर केला.

"थांब. बॅगेत काय टाकलं म्हनतं?"

"ज्वारी. वजनाले."

"अवं मानी! तुह्या सासूनं तुमाले वेगळं काढलं, त काय देल्लं होतं?"

मानीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. सून वेगळी काढायची तर तिच्या पदरात धान्य घालायचं, ही रीत. भांडण कितीही होवो, शिव्याशाप होवोत, सून सासूचीच असते. धान्य दिलं की संपलं. चूल वेगळी!

"ज्वारी देल्ली होती," ती पुटपुटली. "पन संग तवाबी देल्ला होता. मी तवा नाई देल्ला!"

"तवा तिथं इकत घेईन ते!"

आणि नेमका तेव्हाच शामचा फोन आला. "याडी! तू पुष्पाले वेगळं काढलं? ढसाढसा रडून राह्यली फोनवर! म्हनते, माहे कपडे काढून घेतले अन् ज्वारी देल्ली! तिथं जिममध्ये बसून हाये!"

"कोन जिम?"

"अवं, मशिनीचा आखाडा! बसस्टँडच्या मांगं! कसरत कराले जाते ते!"

"कसरत? म्हंजे खोली नाई?"

"कोनती खोली?"

मानीबाईनं फोन नायकाच्या हातात दिला आणि गोधडीकडे धावली.

नायकाची जीप त्यांच्याच वयाची. उतारावर ढकलल्याशिवाय ती ऐकत नसे. मानीबाईनं बोचकं दातात धरलं आणि जीप ढकलली. वाटेत दोनदा बंद पडली, दोन्हीदा ढकलली. यवतमाळ येईपर्यंत तिची वर्षाची कसरत झाली!

जिम वरच्या मजल्यावर होती. बायकांची वेळ, म्हणून नायक खालीच थांबले. वरून धडाधडा गाणं आणि एक खणखणीत आवाज येत होता: "सोडू नका! ढकला! अजून ढकला!"

"मानी, हात नको उचलू वं!" नायक खालून ओरडले.

मानीबाई वर पोचली. ढकला म्हणणारी ती तिथली शिकवणारी मोनाली. तिनं म्हातारीला पाहून गाणं बंद केलं. पाचसहा बायका आपापल्या मशिनींवर होत्या तिथंच थांबल्या. कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर ज्वारीची पिशवी घेऊन, पुष्पा बसली होती. नाक लाल, डोळे लाल.

"घ्या तुमची ज्वारी!" ती म्हणाली. "काय चुकलं थे त सांगा पयले. मंग काढा वेगळं."

"मी कुठं काढलं? तूच कुलूप घेऊन चालली!"

"कुलूप या कपाटाचं हाये! इथं कपडे ठेवा लागते!"

"मंग ज्वारी कायची? मी वजनाले टाकली. तुले समजू नये म्हून!"

"काय समजू नये?"

"का कपडे नाई म्हून!"

मोनाली एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिली. तिनं पिशवी उचलून पाहिली, बोचकं उचलून पाहिलं आणि भुवया वर केल्या. पण तेव्हा कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पन मले काहून नाई सांगतलं?" मानीबाईचा आवाज चढला. "मी काय खाल्लं असतं तुले?"

"कसं सांगू?" पुष्पानं डोळे पुसले. "नायकाच्या घरी बारशाले समद्या बायांसमोर कोन म्हटलं, आमची पुष्पा बसली का खाट बोलते?"

सगळ्या बायकांनी एकदम मानीबाईकडे पाहिलं. ट्रेडमिलवरची एक बाई तर खाली उतरली.

मानीबाईला आठवलं. बाया इतक्या हसल्या होत्या, की तिनं ते दोनदा म्हटलं होतं.

"मी त खाटेचं म्हटलं होतं," ती म्हणाली. "जुनी झाली ते."

कोणी हसलं नाही. मानीबाई बाकावर टेकली, बोचकं सुनेकडे सरकवलं, पदराशी चाळा करत राहिली. मग हळूच बोलली, "तू गेली असती त मी भांडलो कोनाशी असतो वं?"

पुष्पाला रडताना हसू फुटलं. चुरगळलेला ड्रेस घालून, केसही न विंचरता ती मिलकडे पळाली. ज्वारी मानीबाईनं दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आणली आणि सगळ्यांदेखत कोठीत ओतली.

इथंच संपलं असतं तर बरं होतं. पण मानीबाईच्या मनाला चुटपुट लागली. पोरीला आपण लावून बोललो, ते फेडायचं कसं? तिनं ठरवलं, आता रोज बॅग आपणच भरायची! ड्रेसची घडी तिची, डब्यातली उकडलेली अंडी तिची, कुलूपही आठवणीनं तीच ठेवायची. आणि पुष्पाला उशीर होईल या धास्तीनं ती पहाटे बॅग घेऊन स्वतः तांड्याच्या तोंडापर्यंत जायची. बॅग तिच्या खांद्याला अडकवायची आणि साऱ्या तांड्याला ऐकू जाईल अशी म्हणायची, "जाय, जाय लवकर! मांगं पाहू नको!"

तांड्याला ऐकू गेलं. राळेगावकडच्या तांड्यालाही गेलं. तिथं पुष्पाचं माहेर!

एका पहाटे मानीबाई अशीच बॅग अडकवत होती, तर धुक्यातून तीन पागोटी पुढं आली. मधलं पागोटं पुष्पाच्या वडिलांचं, डोंगरसिंगचं.

"मी आयकलं होतं, पन इश्वास नाई ठेवला," ते म्हणाले. "आता डोयानं पाह्यलं! रोज पहाटे माह्या लेकीले बॅग देऊन हाकलता तुमी?"

"बापू!" पुष्पानं स्कूटी सुरूच ठेवली. "मले उशीर होऊन राह्यला! याडी सांगन तुमाले!"

आणि गेली की!

मानीबाईनं पाहुण्यांना घरी आणलं, खाट बाहेर काढली, पाणी दिलं. मग जिम सांगितली, मशिनी सांगितल्या, मोनाली सांगितली. पाठीचं सांगितलं, पोटाचं सांगितलं. डोंगरसिंगनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. राग उतरत चालला होता. मानीबाईला जरा दम आला.

"म्हंजे वजन कमी कराले जाते ते?" त्यांनी विचारलं.

"हो न, इवाई. त्याच्यासाठीच."

"पन माही पोरगी जाड हाये, असं तिले म्हटलं कोन?"

असं विचारून ते उत्तरासाठी पुढं सरकून बसले, तशी खाट कुरकुरली.

"चहा ठेवतो," मानीबाई म्हणाली आणि घरात जी शिरली, ती चहापत्तीचा डबा सापडत नाही म्हणून बराच वेळ बाहेर आलीच नाही.