पोस्टमास्तरांची थुंकीपरीक्षा

उंद्रीच्या पोस्टात तिकीट जिभेनेच ओलं करावं लागे, आणि तेही पोस्टमास्तर सुखदेवरावांच्या डोळ्यांदेखत. ओल्या स्पंजाची सरकारी वाटी होती, पण ती त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवली होती. तिकीट चिकटवलं की ते पाकीट आत ओढून घेत, तिकिटाची कड भिंगाखाली धरत आणि शिक्का मारायच्या आधी निकाल देत.

"हिरड्या फुगल्या तुमच्या, गुरुजी. उजवीकडच्या. खालच्या."

हा निकाल माझा. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी तिथल्या शाळेत नवाच लागलो होतो आणि माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं. त्या पाकिटात मुलीच्या वडिलांना लिहिलेलं पत्र होतं आणि माझ्यामागे रांगेत मुलीकडचे एक दूरचे पाहुणे उभे होते. सुखदेवरावांचा आवाज चांगला खणखणीत. पत्र चिखलीला पोचायच्या आधी माझ्या हिरड्या पोचल्या.

मी भडकलो. "तुम्ही पोस्टमास्तर की वैदू?"

"पोस्टमास्तरच हावो. पण डोळे देल्ले ना देवानं." मग त्यांनी आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "माणूस खोटं बोलते गुरुजी, थुंकी नाही बोलत."

मी हट्टाने चिखलीला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी खालची उजवी हिरडी बोटाने दाबली आणि रक्त आलं. कोळशाच्या भुकटीने दात घासल्याबद्दल मला चार शब्द ऐकवले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि विचारलं, "वेळेवर आलात. कोणाच्या लक्षात आलं?" पोस्टमास्तरच्या, हे सांगायला माझी जीभ रेटेना.

त्यांचं हे शास्त्र चांगलं पक्कं होतं. कडेला फिकट गुलाबी दिसलं तर 'सुरुवात'. विटकरी दिसलं तर 'उशीर'. तिकिटावरून थुंकीची तार सुटली तर 'तोंड धूत नाही'. तिकीट चिकटलंच नाही तर 'पाणी कमी पडून राह्यलं'. पान खाणाऱ्यांची पंचाईत होती, म्हणून खिडकीबाहेर पाण्याचा तांब्या ठेवलेला असे. पाटील आले की आधी तीन चुळा, मग तिकीट. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा तांब्या कशासाठी? सुखदेवरावांनी त्यांच्यापुढे एक तिकीट धरलं. साहेबांनी ते चाटलं, निकाल ऐकला आणि तपासणीचा शेरा न लिहिताच निघून गेले. पुढे त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. त्यात मिठात हळद किती घालायची एवढंच विचारलं होतं.

हा नाद कुठून लागला, हे त्यांचं तोंड बघून कळे. चाळिशीतच त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. "दहा वर्षं थुंकीत रक्त ये. मले वाटे, बाभळीची काडी टोचली असन. कोणी सांगतलं नाही," असं ते म्हणत. घरात सांगणारं कोणी नव्हतंच. मुलगी वेणू सहा वर्षांची असताना बायको तापाने गेली. वेणूच्या वेण्या घालून, भाकरी थापून मग पोस्ट उघडायचं, असं त्यांनी बारा वर्षं केलं. आदल्या वर्षी तिला वडनेर भोलजीला दिली होती.

वेणूचं सासर मोठं, शेती भरपूर आणि सासरा शिस्तीचा. सुनेचं पत्र त्याने वाचल्याशिवाय पोस्टात पडत नसे. त्यामुळे पत्रात नेहमी 'इकडील सर्व क्षेम'. मुलगी खरंच सुखात आहे की नाही, हा एकच घोर सुखदेवरावांना होता. मात्र वाचून झाल्यावर पाकीट चिकटवायचं ते वेणूच. म्हणून पत्र आलं की ते आधी पाकिटाची मागची कड बघत आणि मजकुरावरून नुसती नजर फिरवत.

"मजकूर सासऱ्याचा, गुरुजी. कड माह्या पोरीची."

वर्षभर कड स्वच्छ होती. मग ज्वारीच्या सुगीत एक पत्र आलं आणि त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. कडेवर फिकट गुलाबी रेघ होती. पुढच्या पत्रावरही होती. तिसऱ्या पत्रावर चांगली लालसर.

सुखदेवरावांनी निकाल देणं बंद केलं. लोक तिकिटं चाटत, ते मुकाट्याने शिक्का मारत. रांगेतल्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. पाटील तर एकदा चुळा भरून, शिक्का बसला तरी खिडकीशी उभेच राहिले.

"हाल करून राह्यले पोरीचे," सुखदेवराव मला म्हणाले. "सासऱ्याले एक कडक पत्र लिहून द्या. तुमची भाषा चांगली हाये."

कडक पत्राला पुरावा हवा, म्हणून मी वेणूची तिन्ही पत्रं मागून घेतली आणि पोस्टाच्या बाकावर बसून मोठ्याने वाचली. 'हल्ली जेवण जात नाही. परसातल्या चिंचांवरच मन जातं.' मी त्याखाली रेघ मारली : उपासमार. 'सासूबाई भरल्या कळशीला हात लावू देत नाहीत.' दुसरी रेघ : पाण्याला शिवू देत नाहीत. शेवटी लिहिलं होतं, 'मला तिकडे येण्याची घाई नाही. तुम्ही एकटे, तुमची ओढाताण होईल.'

"पाहा! येऊ बी देत नाहीत!"

गावात घरोघर बांगड्या भरणाऱ्या जैनबखाला, म्हणजे सगळ्या गावाच्या मावशी, मुलाला कार्ड लिहून घ्यायला आल्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. माझं वाचन ऐकून त्यांनी बांगड्यांची टोपली खाली ठेवली.

"या अल्ला! दोन दोन शिकलेले मानसं! मास्तर, पोरीले दिवस गेले."

"अन् हे रक्त?" सुखदेवरावांनी पाकीट पुढे केलं.

"दोन जिवाच्या बाईच्या हिरड्या फुगतेच. माह्या चारी खेपेले रक्त ये. डाक्टरनीले दाखवा, पन भांडाले नोका जाऊ."

मी पेन्सिल खिशात घातली. रेघा खोडायला माझ्याकडे रबर नव्हतं.

सुखदेवराव चष्मा काढून म्हणाले, "घरात बाई असती तर पह्यल्याच पत्रात समजली असती. पोरीनं तीनदा सांगतलं, अन् मी पाकीट पाहत बसलो." मला त्यांच्याकडे बघवेना. बी.ए.च्या परीक्षेत मराठीत मला पहिला वर्ग होता, तोही आठवून लाज वाटली.

"खाला," त्यांनी हळूच विचारलं, "मंग हे येण्याची घाई नाही, म्हणजे काय?"

"म्हणजे येऊ का, असं इचारून राह्यली. पह्यलं बाळंतपन माहेरात होते. पन माय नाही, तं इचारीन कोणाले?"

"माह्या घरी कोण करीन तिचं?"

"मी काय मेली काय? चार गल्ल्यांतले लेकरं माह्या हातानं झाले."

सुखदेवरावांनी कोरा कागद ओढला, टाक दौतीत बुडवला, 'चि. वेणूस' एवढं लिहिलं आणि अडले. पुन्हा खालांकडे बघितलं. "तिची माय असती, तं काय लिहिलं असतं तिनं?"

खालांनी टोपली जवळ ओढली. "मायनं लिहिलं नसतं. दारात जाऊन उभी राह्यली असती."

सुखदेवरावांनी टाक खाली ठेवला. टपालाच्या थैलीला लाख लावली, खिडकी बंद केली आणि किल्ल्या डाकवाल्याला दिल्या. खालांनी टोपलीतून डझनभर हिरव्या बांगड्या काढून रुमालात बांधून दिल्या. वडनेरला खामगावहून जावं लागे; मी सुखदेवरावांना खामगावच्या गाडीपर्यंत पोचवायला गेलो. तो रुमाल ते दोन्ही हातांनी धरून उभे होते.

गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "गुरुजी, दारात उभा तं राह्यतो. पण म्हणू काय मी तिले?"

"काहीच म्हणू नका," मी म्हटलं. "ती ओळखेल."