टाकीतला वक्तशीर माणूस

माणसाचा स्वभाव ओळखायला पत्रिका लागत नाही. त्याला दहाला बोलवा आणि किती वाजता येतो ते बघा! मी, श्यामकांत राऊत, डहाणू रोड स्टेशनात तीस वर्षं तिकीट खिडकीवर काढून निवृत्त झालो. खिडकी एक मिनिट उशिरा उघडली असं सांगणारा माणूस आमच्या मसोली गावात शोधून सापडायचा नाही. माझी बायको सरला मात्र निघताना "आलेच!" म्हणते आणि कुंड्यांना पाणी घालत बसते. तिच्या मते, उशिरा पोचलं तरी गाव काही उठून जात नाही.

गेल्या माघात आमच्या अनिकेतसाठी तलासरीची मुलगी पाहायला जायचं ठरलं. श्रुतिका नाव, शाळेत शिक्षिका. वेळ दहाची. मी दोघांना साडेसातलाच गाडीत कोंबलं. महामार्गावर ट्रकांची रांग लागली तर? पण त्या दिवशी महामार्ग माझ्या टकलासारखा मोकळा! साडेआठला तलासरीत हजर.

"आता दीड तास काय माशा मारायच्या?" सरला म्हणाली.

"तुम्ही इथे चहा घेत बसा. मी घर शोधून ठेवतो. म्हणजे कसं, दहाच्या ठोक्याला बेल!"

घर सापडलं. फाटकावरची पाटी वाचतोय तोच आतून एक मुलगी आली. केसांना तेल, हातात खराटा. फोटोतली श्रुतिकाच!

"आलात?" ती कडाडली. "काका, आठला बोलावलं होतं. साडेआठ वाजून गेले! वेळेची काही किंमत?"

मला? उशीर? साठ वर्षांत हे वाक्य मी फक्त दुसऱ्यांना ऐकवलं होतं. तोंडातून आपोआप निघालं, "सॉरी."

"दहाला पाहुणे येणारेत. त्याआधी टाकी स्वच्छ पाहिजे. शिडी मागे आहे. चला, चला!"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ती मला टाकी साफ करणारा समजली होती! खरं सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? की दीड तास आधी येऊन तुमचं फाटक न्याहाळतोय? शिवाय तो दरारा बघून मी खूशच झालो होतो. सून असावी तर अशी! इस्त्रीचा शर्ट शिडीला अडकवला, पँट दुमडली, वर चढलो आणि उतरलो टाकीत.

तळाला चार बोटं गाळ. मी घासतोय, बादल्या भरतोय, आणि दर दहा मिनिटांनी खालून आवाज, "किती राहिलं?"

"होतंय, होतंय!"

शेवटची बादली भरली आणि अंगणात सरलाचा आवाज आला.

"पोचलो की नाही वेळेवर?"

"अगदी दहाला! पण मुलाचे वडील?" हे श्रुतिकाचे वडील, नविनभाऊ.

"ते मघाशीच इकडे आले ना! फोनही उचलत नाहीत."

फोन शिडीवरच्या शर्टात कोकलत होता.

"इकडे तर कुणीच नाही आलं," नविनभाऊ म्हणाले. "हा टाकीवाला सोडला तर."

मग अनिकेतची दबकी हाक आली, "बाबा?"

"ओ!" मी म्हणालो. टाकीने ते तीनदा म्हटलं.

बनियनवर, गुडघ्यापर्यंत गाळाने माखलेला मी शिडी उतरलो. श्रुतिका पांढरीफटक पडली होती.

"काका, मी तुम्हाला काय काय बोलले..."

"बरोबरच बोललीस. आठ म्हणजे आठ!"

अनिकेतला हसू आवरेना. त्याच्याकडे बघून तीही हसली. पोहे संपेपर्यंत दोघांचं ठरूनही गेलं.

लग्न झालं. सुनेला तलासरीची शाळा गाठायला पहाटेच उठावं लागतं, म्हणून स्वयंपाकघरात वेळापत्रक लागलं. माझ्या स्वभावाची सून मिळाली, असं मी अख्ख्या मसोलीला सांगत सुटलो!

काल दाढी करताना जरा कापलं. टेबलापाशी पोचलो तेव्हा कप धुऊन पालथे घातलेले.

"बाबा, चहा सहा दहाला होता," श्रुतिका चपला घालता घालता अगदी प्रेमाने म्हणाली. "आता सहा बारा झाले."

मी खुर्चीत बसून राहिलो. साडेसातला सरला आळोखेपिळोखे देत आली.

"चहा ठेवू का?"

"ठेव," मी म्हणालो. "सावकाश. घाई कुणाला आहे?"