कुमुदिनीबाईंच्या घड्याळाची काच परत आणिली त्याची हकीकत

श्री. शिरगाव, प्रांत बदलापूर पूर्व, येथील तिसऱ्या मजल्याचे धनी श्रीपादराव यांणी उल्हासनगरावर स्वारी केली आणि काच घेऊन आले, ते वर्तमान घडले तैसे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही.

श्रीपादरावांचे पदरी चावीच्या मनगटी घड्याळांची फौज, एकंदर एकेचाळीस. एका मनगटास इतकी कशास, असे लोक पुसत, त्यांस जाब देत नसत. कारण साधे होते. कुटुंब कुमुदिनीबाई गेल्यावर घरात श्रीपादरावांच्या हाताची वाट पाहील असे काही उरले नाही, आणि घड्याळास रोज चावी लागते, न दिल्यास ते थांबते. म्हणोन सकाळी सहास हजिरी होई, एकेकास चावी मिळे, आणि मग शेवटी बाईंचे लहान घड्याळ. त्याच्या काचेवर चारापासून सातापर्यंत ओरखडा, नारळ खवताना विळीचा लागलेला. बाईंनी काच बदलू दिली नव्हती.

शुक्रवारी हजिरीत तेच गैरहजर निघाले. चौकशी बसली. सूनबाई राजसी कबूल झाल्या, "बाबा, उन्मेषने ते उल्हासनगरला, कॅम्प चारच्या घड्याळवाल्याकडे दिलंय. पॉलिश करून, नवी काच टाकून आणणार होता. आईंच्या वर्षश्राद्धाला तुम्हाला सरप्राइज."

श्रीपादराव खाली बसले आणि मग उठले, आणि चहा तैसाच टाकोन, "एकास जेवायला येतो" इतके फर्मावून कूच केले. अंबरनाथी रिक्षा बदलली. तेथे पाण्याचे टँकर हत्तींसारखे आडवे उभे, वाट बंद. अर्धा तास वेढा पडला आणि मग फुटला.

कॅम्प चारास लछमनदास घड्याळवाले डोळ्यास भिंग लावोन बसले होते. पॉलिश व्हावयाची होती, परंतु काच उतरोन जुन्या काचांच्या डब्यात गेली होती. श्रीपादरावांनी डबा मागितला.

"साईं, दोनशे काच आहे त्यात. बेटा बोलतो नवीन करा, बाप बोलतो जुना करा. मी कोणाचं ऐकू?"

"घड्याळ तिचं आहे. तिने बदलली नव्हती."

लछमनदासांनी मग भिंग काढोन त्यांचे हाती दिले आणि डबा कागदावर पालथा केला. दोघांनी दोन बाजूंनी मोर्चे लावले. दीड तास झुंज झाली, श्रीपादरावांचे बोट कापले, आणि चारापासून सातापर्यंतचा ओरखडा सापडला.

काच बसली. लछमनदासांनी वेळ बरोबर लाविली, ती श्रीपादरावांनी दहा मिनिटे पुढे केली.

"साईं, गलत केलं."

"पुढेच असतं ते. मी वेळेवर निघावं म्हणून ती पुढे ठेवायची. मला माहीत होतं, म्हणून मी दहा मिनिटं कमी धरायचो."

"मग फायदा काय?"

श्रीपादराव हसले, बहुत दिवसांनी.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. काच एक, ओरखड्यासुद्धा, शिरगावी दाखल. उन्मेषरावांस तकसीर माफ. राजसीबाईंनी पाने मांडली तेव्हा मुलखातील सर्व घड्याळांत बरोबर एक वाजला होता. बाईंच्या घड्याळात एक वाजोन दहा मिनिटे, म्हणजे स्वारीस नेहमीप्रमाणे उशीर. तो श्रीपादरावांनी मान्य केला.